लाटांवर गळ टाकताना काठी किती लांब?

गळाला शिसे बांधले की ते दोरीला ओढून दूर नेते. पण पिसांची कृत्रिम माशी तर वजनाने नगण्य! म्हणून येथे जड दोरीच फेकतात. माशी तिच्यामागून जाते.

स्कॉटलंडच्या स्पे नदीकाठी मागे अनेकदा झाडी असते. तेथे दोरी मागे पूर्ण न उलगडता पाण्यावरूनच उचलून फेकतात. त्यासाठी दोन्ही हातांनी धरायची १५ फुटी काठी सोयीची. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर पट्टेदार बास पकडणाऱ्याच्या मागे मात्र मोकळी वाळू असते. तो दोरी डोक्यावरून सरळ मागे नेऊन झटक्याने पुढे फेकतो. त्यानेही १५ फुटीच घ्यावी काय?

गणित करा. सारख्या जाडीची काठी एका टोकाभोवती फिरविली, तर तिचे जडत्व-आघूर्ण लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १२ ऐवजी १५ फूट घेतल्यास ते जवळजवळ दुप्पट होते! वरचा हात ढकलतो, खालचा ओढतो. तरी दिवसभर असे झटके देणे सोपे नव्हे. त्यात समोरून वारा. किनाऱ्यासाठी ११-१२ फूट पुरेत, असे मला वाटते. खऱ्या काठ्या टोकाकडे निमुळत्या असतात, पण कल तोच.

एकाच जाडीच्या बांबूचे ४ आणि ५ फुटांचे तुकडे टोकाशी धरून हलवून पाहा. प्रमाण तेच आहे.