थरथरणारा सर्वो

मित्रांनो, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा मराठी सांभाळून घ्या! गेल्या महिन्यात पनवेलला आमचं रेडिओ कंट्रोल हेलिकॉप्टर उडता उडता कललं आणि आपटलं. रोटरची चकती, म्हणजे स्वॉशप्लेट, हलवणाऱ्या तीन सर्वोंपैकी एक थरथरत होता. मला ते आधी दिसलं होतं. "चालतंय की" म्हणून सोडून दिलं, ही माझी चूक.

सर्वो म्हणजे छोटी मोटर, गिअर आणि कोन मोजणारा पोटेन्शिओमीटर. रिसिव्हरकडून साधारण १ ते २ मिलिसेकंदांचा पल्स येतो, १.५ म्हणजे मध्य.

दोष कसा शोधायचा? आधी रोटरची पाती काढा, बोटं महत्त्वाची! मग रिसिव्हरमधले दोन सर्वोंचे प्लग अदलाबदल करा. तोच सर्वो थरथरला तर तो खराब. थरथर दुसऱ्या सर्वोत गेली तर रिसिव्हर बघा. पॉवर बंद करून सर्वोचा हात हळूच फिरवा. एकाच जागी अडकला तर गिअरचा दात तुटलाय. न अडकता ठराविक जागीच थरथरत असेल तर बहुधा पोटेन्शिओमीटर झिजलाय.

मी मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून, मेटल गिअरचे डिजिटल सर्वो आणले. तिन्ही एकसारखे, कारण वेग वेगळा असला तर स्वॉशप्लेट तिरकी होते. पण हे करंट जास्त खातात. तिन्ही एकदम हलवले तर मल्टीमीटरवर ५ व्होल्टचे ४ दिसले! असंच उडवलं असतं तर हवेतच रिसिव्हर बंद पडू शकला असता. म्हणून त्यांना व्होल्टेज पुरवणारा बीईसीही मोठा घेतला.

तेव्हा मंडळी, थरथर दिसली की उडवू नका. आधी टेबलावर तपासा.