खुडूक कोंबडी आणि मागाहून आलेली अंडी

खुडूक बसलेली कोंबडी माणसाच्या हातावर चोच मारते, पण शेजारणीने तिच्या टोपलीत अंडं घातलं तर तेही पोटाखाली ओढून घेते. घात होतो तो इथेच.

आमच्या परसातली तांबडी गावठी कोंबडी नेहमीच्या टोपलीतच बसली होती. ती दाणापाण्याला उठली की बाकीच्या कोंबड्या तिथे अंडी घालून जात. एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर पडली आणि लवकरच ती त्यांना घेऊन अंगणात उतरली. टोपलीतली उरलेली अंडी गार पडली. फोडून पाहिली, तर कित्येकांत पिसं फुटलेली पिल्लं मेलेली. फार वाईट वाटतं ते बघताना.

दोष कोंबडीचा नाही. अंड्यातून निघण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि त्यावर दोनेक दिवस दाण्याशिवाय तगतं. आई थांबते ती साधारण तेवढीच. आठवडाभर मागे असलेल्या अंड्यांसाठी ती थांबली, तर जन्मलेली पिल्लं उपाशी मरतील.

म्हणून खुडूक कोंबडी वेगळी बसवावी. अंधार पडल्यावर तिला अलगद उचलून आडोशाच्या, कोरड्या जागी पेंढा घातलेल्या टोपलीत ठेवलं, की ती सहसा बिथरत नाही. आधी एकदोन दिवस साधी अंडी देऊन ती टिकते का ते पाहावं. मग दहा-बारा अंडी एकाच वेळी ठेवावीत. ती आठवड्यापेक्षा जुनी नसावीत, गार जागी ठेवलेली असावीत आणि मुख्य म्हणजे धुतलेली नसावीत. कवचावरचा नैसर्गिक थर गेला की जंतू आत शिरतात. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने खूण करावी. खूण नसलेलं अंडं दिसलं, की त्याच दिवशी काढून घ्यावं.

सातव्या-आठव्या रात्री अंड्याखाली बॅटरी धरली, की वाढणाऱ्या अंड्यात लाल शिरांचं जाळं दिसतं. कोरं दिसणारं अंडं बाजूला करावं. दिवसातून एकदा कोंबडी पंधरा-वीस मिनिटं उठते, विष्ठा टाकते, धुळीत लोळते. तेवढ्यात अंडी गारठतील म्हणून तिला हाकलून परत बसवू नये. मात्र अंगावर उवा-पिसवा आहेत का, हे बसवण्यापूर्वीच पाहावं. त्यांच्या त्रासानेही कोंबडी घरटं सोडते.

या कामाला गावठीच बरी. जास्त अंड्यांसाठी निवड होत गेली, तशी लेगहॉर्न जातीतली खुडूक बसण्याची सवय जवळजवळ नाहीशी झाली. गिरीराज आणि वनराज या सुधारित जाती पाळणाऱ्यांनीही त्यांची अंडी गावठी कोंबडीखालीच ठेवावीत.

पिल्लं फुटत असताना कवच सोलायला जाऊ नका. आतल्या शिरा तुटून रक्त जातं. आणि पिल्लं पाच ते सात दिवसांची झाली, की जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून मानमोडीची लासोटा लस डोळ्यात थेंब टाकून नक्की द्या.