डोंगरावरील मूळचें रान परत आणण्याची रीत

दिल्लीलगतच्या गुरुग्राम शहरांत अरवली जैवविविधता उद्यान या नांवाचें सुमारें ३९० एकरांचें उद्यान आहे. पूर्वीं तेथें दगडाच्या खाणी होत्या. खाणकाम थांबल्यावर उघडा खडक उरला व वेडी बाभूळ माजली. सन २०१० पासून शहरवासीयांनीं महानगरपालिकेच्या सहकार्यानें तेथें अरवली डोंगराचीं मूळचीं झाडें लावण्याचें काम हातीं घेतलें. शाळकरी मुलें व नोकरदार मंडळी विनामोबदला खपलीं. सन २०२२ मध्यें अभयारण्याबाहेरील संवर्धनक्षेत्र म्हणून देशांतील पहिली मान्यता या जागेस मिळाली.

ज्यांच्या शिवारांत डोंगर अगर गायरान आहे, अशा शेतकरी बंधूंनीं अशा कामांतील चार गोष्टी ध्यानांत घ्याव्या.

पहिली, उपऱ्या झाडाचा बंदोबस्त. वेडी बाभूळ मूळची अमेरिकेतील. गुरें शेंगा खातात व शेणावाटे बीं सर्वत्र पसरतें. ती जमिनीबरोबर तोडल्यास बुडख्यास पुन्हां फुटवे येतात. म्हणून जमिनीखालील मान खणून काढावी.

दुसरी, जागा पाहून झाड. खोलगट भागांत माती व ओल सांचते, तेथें पळस व कळंब. उतारावर खैर व धौ, म्हणजे आपल्या धावड्याचा भाऊबंद. उघड्या कातळावर साळई व कांडोळ. ही वांटणी निसर्गाचीच आहे; ती मोडूं नये.

तिसरी, बीं. हीं रोपें बाजारांत सहसा मिळत नाहींत. शिल्लक रानांतून बीं वेंचून रोपें करावीं लागतात. धौचें बीं फार थोडें उगवतें, म्हणून तें मुबलक वेंचावें. शेजारच्या फरीदाबाद जिल्ह्यांतील मांगर बणी हें गांवकऱ्यांनीं श्रद्धेनें कुऱ्हाडीपासून राखलेलें धौचें रान आहे.

चौथी, संगोपन. लागवडीच्या दिवशीं माणसें पुष्कळ जमतात. पुढील दोन-तीन उन्हाळे पाणी देणें, तण काढणें, शेळ्या आवरणें व मेलेल्या रोपाच्या जागीं दुसरें लावणें यांस थोडींच उरतात. खरें काम त्यांचेंच.

आपल्याकडील देवराया मांगर बणीच्याच जातीच्या आहेत. दप्तरीं पोटखराब अशी नोंद असली, तरी ती जमीन निरुपयोगी समजूं नये. देवराई म्हणजे सर्व शिवाराची बियाण्याची कणगी होय. ती एकदां रिकामी झाली, तर मागाहून हजारों हात राबावयास आले तरी पेरणार काय? म्हणून ज्या गांवीं देवराई शिल्लक आहे, तेथील मंडळींनीं प्रथम ती राखावी. नवी लागवड त्यानंतर.