भार कुठल्या पायावर आहे?

अगं, फिगर ड्रॉइंगच्या प्रदर्शनात तू प्रत्येक चित्रासमोरून घाईघाईने सटकतेस, ते दिसतं मला. उघड्या देहाकडे टक लावून बघायचं तर आजूबाजूचे काय म्हणतील? शिवाय बघायचं तरी काय, हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नसतं. मग चेहरा बघायचा, ‘हुबेहूब आहे हं’ म्हणायचं आणि मोकळं व्हायचं.

चेहरा सोड. आधी पाय बघ. भार ज्या पायावर, त्या बाजूचं कमरेचं हाड वर चढतं आणि तोल सावरायला त्याच बाजूचा खांदा खाली येतो. आता गळ्याखालच्या खळगीतून मनातल्या मनात ओळंबा सोड. चित्रातली बाई कशाला टेकलेली नसेल, तर ओळंबा भार असलेल्या पायाच्या घोट्याजवळ उतरायला हवा. नाही उतरला तर ती पडणार, शेडिंग कितीही मखमली असो! स्टेशनवर गाडीची वाट बघणाऱ्यांकडे बघून हे ताडून बघ. फुकटची मॉडेल्स सगळी.

मग रेषेकडे ये. चांगली रेषा सगळीकडे एका जाडीची नसते. मांडी बैठकीवर दाबली जाते तिथे ती दाट होते. उजेडातल्या खांद्यावर पुसट होते, कधी चक्क तुटते, आणि उरलेला खांदा आपला डोळाच पुरा करतो. गुडघ्या-कोपरावर हाड जवळ असतं म्हणून तिथे कडक, पोटावर सैल. आणि पोटरीची रेषा गुडघ्याच्या रेषेमागे कुठे शिरते ते नीट बघ. सपाट कागदावरचा पाय तेवढ्यानेच गोल होतो, छायेचा एक हातही न देता.

विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या चित्रसूत्रात म्हटलंय, आचार्य रेषेला वाखाणतात, जाणकार छायेला, आणि बायकांना म्हणे दागिने आवडतात! तू आपली आचार्यांच्या रांगेत उभी राहा. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी बघशील तेव्हा मुकुटाआधी भुवयांची कमान आणि झुकलेल्या पापण्या बघ. मुंबईच्या जे.जे. कलाशाळेचे विद्यार्थी त्यांचे शिक्षक ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली १८७२ पासून तिथल्या चित्रांच्या नकला करायला जात होते. हात घडवायला याहून चांगली शाळा कुठली?

पण मापं घेत बसू नकोस. फ्रेंच चित्रकार अँग्रच्या १८१४ च्या ‘ओडालिस्क’ या चित्रातल्या बाईच्या पाठीत मणके जास्त आहेत, असं टीकाकार म्हणत आलेत. पाठ लांब आहेच. पण मानेपासून कमरेपर्यंत उतरणारी ती सलग रेषा बघ. मणके मोजून काढली असती तर ती मध्येच अडखळली असती. मला विचारशील तर त्याने ती जाणूनबुजून ताणली.

आणि लाज वाटलीच, तर मॉडेलचा विचार कर. एका पोझमध्ये राहून पाय बधिर होतो, मान आखडते, तरी हलायचं नाही. पोटासाठी केलेलं हे कष्टाचं काम आहे, आणि चित्राखाली नाव मात्र चित्रकाराचं. तिच्या उभं राहण्याकडे दोन मिनिटं नीट बघणं एवढं तरी आपण करूच शकतो.

रविवारी येतेस ना? वही आण, पेन्सिल आण, खोडरबर घरीच ठेव. चुकलेली रेषा राहू दे, बरोबर वाटेल ती तिच्या शेजारी काढ. कुठे चुकलं, ते मग मला विचारावं लागणार नाही.