दूध संस्थेचा हिशोब आणि वर्षाचे उद्दिष्ट

कोल्हापूर–रत्नागिरी मार्गावरील मलकापूर ही शाहूवाडी तालुक्यातील बाजारपेठ. भोवतालच्या डोंगराळ गावांत भातशेतीला दुभत्या जनावरांची जोड असते. १९६३ साली कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ स्थापन झाला आणि पुढे जिल्ह्यात गावोगावी प्राथमिक दूध संस्था उभ्या राहिल्या. अशा संस्थेच्या संचालकांपुढे दरवर्षी एक प्रश्न येतो : दिवाळीला सभासदांना दूध-फरक किती द्यावा? पुष्कळदा बँकेतील शिल्लक पाहूनच त्याचे उत्तर दिले जाते. तेथेच चूक होते. कारण शिल्लक म्हणजे नफा नव्हे.

रोजकीर्दीत दररोजची जमा-नावे होते. खतावणीत प्रत्येक खाते वेगळे दिसते. तेरजेने सर्व खात्यांच्या बाकींचा मेळ बसतो. त्यावरून तयार होणारे नफा-तोटा पत्रक वर्षभराची कमाई सांगते, तर ताळेबंद त्या दिवशीचे येणे व देणे दाखवितो.

उदाहरणादाखल एक लहान संस्था घेऊ. वर्षारंभी तिच्याजवळ रोख शिल्लक, येणे वा देणे काहीच नव्हते असे समजू. वर्षात तिने ४५,००० लिटर दूध १८,००,००० रुपयांना विकले. उत्पादकांना १६,२०,००० रुपये दिले. पशुखाद्याच्या विक्रीत २०,००० रुपये सुटले. एकूण उत्पन्न २,००,००० रुपये झाले. त्यातून पगार व इतर खर्च १,१०,००० आणि यंत्रांचा घसारा १२,००० रुपये वजा करता निव्वळ नफा ७८,००० रुपये उरतो.

परंतु ३१ मार्च रोजी बँकेत १,४०,००० रुपये दिसतात! याचे कारण साधे आहे. खाद्य पुरवठादाराचे ९०,००० रुपये अद्याप द्यावयाचे आहेत. घसाऱ्याचे १२,००० रुपये रोखीने बाहेर गेलेले नाहीत. उलट सभासदांकडून उधारीचे ४०,००० रुपये यावयाचे आहेत. ७८ हजारांत ९० व १२ हजार मिळवून ४० हजार वजा केले, की बरोबर १,४०,००० रुपये येतात. ही सर्व रक्कम वाटली, तर पुरवठादाराची देणी कशातून भागवावयाची आणि यंत्र निकामी झाल्यास नवे कशातून घ्यावयाचे?

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अन्वये निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकणे बंधनकारक आहे. येथे तो १९,५०० रुपये होतो. म्हणजे वाटपाचा विचार उरलेल्या ५८,५०० रुपयांच्या मर्यादेतच, उपविधींनुसार करता येईल.

पुढील वर्षाचे उद्दिष्टही याच आकड्यांतून ठरवावे. ‘संस्थेची प्रगती करावयाची’ हे उद्दिष्ट नव्हे, ती केवळ इच्छा होय. घसाऱ्यासह १,२२,००० रुपये खर्च म्हणजे लिटरमागे सुमारे २ रुपये ७१ पैसे. तेवढ्याच खर्चात संकलन ५०,००० लिटरवर नेले, तर तो २ रुपये ४४ पैशांवर येईल. त्याचबरोबर उधारी ४० हजारांवरून १५ हजारांवर आणावयाची आणि दर तिमाहीस आढावा घ्यावयाचा, असे ठरवावे. जे मोजता येते, त्याचाच जाब विचारता येतो.

आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. तत्पूर्वी गावातील शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी पुढाकार घेऊन सभासदांना ताळेबंद समजावून सांगावा. धारेचे दूध मोजून घालणाऱ्या सभासदाला आपल्या संस्थेचा हिशोबही वाचता आला पाहिजे.