पेरणीपूर्वीचा धडा

बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा येथे १७२४ साली मुबारिजखानाचा पाडाव करून निजामाने गावास फत्तेखेर्डा हे नाव दिले. आज गाव ओळखले जाते ते साखरखेर्डा या नावानेच, आणि पोट भरते ते पेरणीवर.

मृगाच्या पहिल्या सरीला भुलून घाई करणाऱ्यास दुबार पेरणीचे कर्ज होते, हे आपण जाणतोच. म्हणून आम्ही सुचवितो की, घरच्या सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवडाभर ओलसर ठेवावे. निदान ७० उगवले, तर बी पेरण्याजोगे समजावे. मग ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत धीर धरावा. ही परीक्षा शेजाऱ्यांसही करून दाखवावी. त्यांचे कर्ज टळणे हेही आपलेच काम होय.