समोरचे गाणे आणि यंत्रातले गाणे

परवा वर्गात एका बाईंनी विचारले, "गुरुजी, मोबाइलमधल्या अभंगात सूर चुकत नाही. आपल्या देवळात कोणी खोकतो, कोणाचा टाळ पुढे पळतो. तरी अंगावर काटा येतो तो देवळातच. असे का?"

प्रश्न चांगला आहे. मला लगेच उत्तर देता आले नाही. आज सांगतो.

एकादशीला पखवाजाजवळ डोळे मिटून बसा. डाव्या पुडीचा घुमारा कानाआधी छातीला कळतो. तो आवाज थेट येतो, आणि भिंतीवर, छपरावर आपटून पुन्हा येतो. आपले कान दोन. टाळ कोठे, वीणा कोठे, हे त्यांना न पाहता समजते. मोबाइलच्या कर्ण्याचा पडदा नखाएवढा. तो हवा हलवणार किती? म्हणून घुमारा नाहीसा होतो आणि नुसती टकटक उरते.

स्टुडिओत तर गाणे निराळ्याच रीतीने होते. भिंतींना मऊ अस्तर असते, म्हणजे आवाज परत येत नाही. पुष्कळदा तबला एका दिवशी भरतात, गळा दुसऱ्या दिवशी. चुकले तेवढे पुन्हा गातात आणि जोडतात. मग हळू आवाज चढवतात, मोठा उतरवतात. एसटीतसुद्धा ऐकू आले पाहिजे ना! पण बुवा आवाज लहान करून एकदम वर जातात, त्यातली गंमत यात जाते. स्टुडिओतले गाणे खोटे असते, असे मात्र म्हणू नका. सिनेमाचे गाणे असेच घडते, आणि तीही मोठी कारागिरी आहे. पण स्टुडिओत समोर माणूस नसतो. देवळात तुमची मान डोलली की बुवा तीच ओळ पुन्हा घेतात. भिंतीची मान कशी डोलणार?

पूर्वी तर फारच अडचण होती. 1902 साली कलकत्त्याला गौहरजान या प्रसिद्ध गायिकेचे गाणे तबकडीवर घेतले. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. मोठ्या कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गावे लागे. तबकडीवर मावत सुमारे तीन मिनिटे. एरवी तासभर चालणारा राग तेवढ्यात उरकायचा! गाणे संपले की बाई इंग्रजीत आपले नाव सांगत. कारण तबकड्या छापल्या जात जर्मनीत, हॅनोव्हर शहरी. गाणारे कोण, हे तिथल्या कामगारांना कळायला नको का? 1925 च्या सुमारास मायक्रोफोन वापरात आला, तेव्हा हलक्या आवाजाचीही सोय झाली.

तरीही त्या तीन मिनिटांना हसू नका. भास्करबुवा बखले 1922 साली वारले. बालगंधर्वांचे ते गुरू. त्यांचे गाणे तबकडीवर राहिले नाही. ऐकणारी माणसे गेली, त्यांच्याबरोबर ते गाणेही गेले. उलट गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची एक भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर आकाशात गेली. ती अजून पुढे पुढे चालली आहे. त्याच वर्षी बाई वारल्या. त्यांच्या मैफलीतला ख्याल ऐकणारे साडेतीन मिनिटांत उठत नसत, ही गोष्ट वेगळी.

मीही पूर्वी यंत्राच्या गाण्याला नावे ठेवीत असे. आता ठेवत नाही. आमच्या गावचे एक म्हातारे भजनी वारले. त्यांचे एकच भजन कोणीतरी मोबाइलवर घेतले होते. फार वाईट उतरले आहे. पखवाज फुटल्यासारखा वाजतो, मध्येच कोणी चहा मागतो. बुवांच्या दोन ओळी काय त्या नीट ऐकू येतात. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी म्हणालो, "हे कशाला ठेवायचे?"

त्यांची म्हातारी दर एकादशीला नातवाकडून ते लावून घेते. तिला त्या दोन ओळींचेही फार नसते. ओळ संपल्यावर बुवा घसा खाकरतात आणि टाळकऱ्यांना म्हणतात, "हं, घ्या." तेवढे झाले की ती नातवाला सांगते, "परत लाव, बाळा."